दुसरा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात मध्य मुंबईतल्या एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीचा काही भाग पहाटे कोसळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. साडेसातला आमच्या वृत्तवाहिनीच्या असाइनमेंट डेस्कचा, म्हणजे कोणी कोणत्या बातमीवर जायचे ते ठरवणाऱ्यांचा, निरोप आला आणि नऊच्या आत मी तिथे पोहोचले. पाठीवर सॅक होती, सॅकमध्ये दोन फोन, दोन पॉवर बँक, वाहिनीचा बूम माईक आणि कॉलरला लावायचा बिनतारी माईक होता, आणि हातात ट्रायपॉड होता. सोबत दुसरे कोणी नव्हते. गेली काही वर्षे नसतेच.

चाळीच्या अंगणात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा छत्री मिटून उभे होते. बोलायला तयार होते, शब्दही नेमके होते. मी त्यांना उजेडाकडे वळवले, माईक लावला, फोन ट्रायपॉडवर चढवला आणि पहिला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मोठा आवाज झाला, पोरंबाळं ओरडत खाली आली, आता टेकू पण नाहीत ना, मागच्याच आठवड्यात काढले, मग काय होणार?" नेमक्या त्याच वेळी मागच्या रस्त्यावर एका ट्रकने हॉर्न वाजवला, पडद्यावरची आवाजाची पट्टी हिरव्यावरून लाल झाली आणि माझे सगळे लक्ष त्या लाल पट्टीकडे गेले. आजोबांचे वाक्य संपले आहे एवढे मला त्यांच्या थांबण्यावरून कळले. मी मनात आधीच तयार ठेवलेला दुसरा प्रश्न विचारला, "राहायची पर्यायी सोय झाली का?" त्यांनी त्याचेही उत्तर दिले. आभार मानून मी पडलेल्या भागाची दृश्ये घ्यायला गेले.

टेकू काढल्याचे वाक्य मी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ऐकले ते दोन तासांनी, दादर स्थानकाच्या पुलावर एका कोपऱ्यात उभी राहून कानात हेडफोन घालून तो बाईट, म्हणजे त्यांच्या बोलण्याचा चित्रित तुकडा, कापत असताना. जुन्या मुंबईत राहिलेल्या माणसाला टेकूचा अर्थ सांगावा लागत नाही. लाकडी किंवा लोखंडी टेकूंवर वर्षानुवर्षे तोललेल्या इमारती गिरगाव, लालबाग, परळ या भागांत पिढ्यांनी पाहिलेल्या आहेत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचे दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची यादी जाहीर करते आणि आम्ही सगळे त्या यादीच्या बातम्या करतो. ऐन पावसात टेकू कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले, रहिवाशांना विचारले होते का, हीच बातमी होती. मी शेजाऱ्यांना फोन लावला, तर आजोबा मुलीकडे नालासोपाऱ्याला निघून गेले होते आणि त्यांच्याजवळ फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात टेकूंची बातमी सविस्तर छापून आली. ती लिहिणारा वार्ताहर त्या सकाळी माझ्या डाव्या हाताला, दोन फुटांवर, पॅड आणि बॉलपेन घेऊन उभा होता. माझे त्यांच्याशी बोलणे झाल्यावर तो आजोबांशी पाच मिनिटे बोलत राहिला होता, हे मला आठवते, कारण माझ्या एका दृश्यात त्याची पाठ आली आहे.

एकट्याने टीव्हीची बातमीदारी करण्यातल्या अडचणींबद्दल आमच्यात पुष्कळ बोलले जाते. ओझे, बॅटरी, नेटवर्क, धावपळ, पगार. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. परंतु माझ्या मते या पद्धतीत सर्वात आधी आणि सर्वात जास्त नुकसान होते ते दुसऱ्या प्रश्नाचे. पहिला प्रश्न कोणालाही विचारता येतो. तो डेस्कवरून येतो, वाटेत सुचतो, इतर वाहिन्यांच्या टिकरवरूनही, म्हणजे पडद्याखालच्या धावत्या ओळींवरूनही, उचलता येतो. दुसरा प्रश्न मात्र समोरच्या माणसाच्या उत्तरातूनच जन्म घेतो, आणि त्यासाठी ते उत्तर कानांनी नव्हे तर पूर्ण लक्षाने ऐकावे लागते. ज्या माणसाला त्याच क्षणी चौकट, फोकस, आवाज, बॅटरी आणि मागून येणारी दुचाकी यांच्याकडेही पाहायचे आहे, त्याच्याजवळ असे लक्ष उरत नाही.

मी या व्यवसायात आले तेव्हा मराठीतल्या चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या सुरू होऊन चारच वर्षे झाली होती; त्यांतल्या पहिल्या २००७ साली आल्या. त्याच्याही आधी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्या काळातल्या बातमीदारीच्या गोष्टी आम्ही ज्येष्ठांकडून ऐकल्या होत्या. तेव्हा कॅमेरा सांभाळायला एक माणूस आणि आवाज सांभाळायला दुसरा, अशी व्यवस्था असे. आमच्या वेळेपर्यंत ध्वनिमुद्रण करणारा माणूस गेला होता, पण तिघे जण उरले होते: रिपोर्टर, कॅमेरामन आणि गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला कोणी पत्रकार म्हणत नसे, तरी आम्ही आत कोणाची तरी वाट पाहत बसलेलो असताना बाहेर चहाच्या टपरीवर अर्धी बातमी त्यालाच कळलेली असे. त्या तिघांत सर्वात आधी कापले गेलेले पद त्याचे आहे आणि त्याच्याबद्दल कोणी हळहळलेलेही मी ऐकले नाही.

माझ्या पहिल्या कॅमेरामनना सगळे दादा म्हणत. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते आणि मी घाईघाईने माईक पुढे केला की म्हणायचे, "अगं, आधी त्यांना बसू दे. पाणी पिऊ दे. मी आहे ना." ते 'मी आहे ना' म्हणजे काय होते, हे मला ते नसताना कळले. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून ते माझ्या मागे जे चालले आहे ते पाहत असत. बोलणारा माणूस बोलता बोलता कोणाकडे पाहून थबकला, दाराआडून कोणी हाताने 'नको' म्हणून खूण केली, पत्रकार परिषदेत मंत्री उत्तर देत असताना शेजारच्या अधिकाऱ्याने मान खाली घातली, हे सारे दादांना दिसे आणि गाडीत बसल्यावर ते सांगत. गाडीतला तो अर्धा तास म्हणजे आमची संपादकीय बैठकच असे. मी म्हणायचे बातमी ही आहे, ते म्हणायचे ही नाही, ती आहे. बहुतेक वेळा मी जिंकत असे, कारण लिहिणारी मी होते, आणि बऱ्याच वेळा बरोबर तेच असत. आता गाडीच नाही. लोकलमध्ये मी एकटी असते आणि माझ्याशी वाद घालणारे कोणी नसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. दादांना माझी गरज असे, आणि ती केवळ प्रश्न विचारण्यापुरती नसे. गर्दीत किंवा पाण्यात चालत्या माणसाचे चित्रीकरण करताना कॅमेरामनला उलटे चालावे लागते, आणि त्या वेळी त्याच्या कमरेच्या पट्ट्याला रिपोर्टरचा हात असतो. हात ओढला की थांबायचे, डावीकडे दाबला की डावीकडे वळायचे. ही पद्धत आम्हाला कोणत्याही वर्गात शिकवलेली नव्हती. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्याखाली गेली, त्या दिवशी प्रभादेवी परिसरात शहरातले एक नामवंत डॉक्टर पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. तेव्हापासून साचलेल्या पाण्यात पाय टाकताना मला पट्ट्यावरचा तो हात आठवतो. आता मी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात फोन समोर धरून चालते, डोळे पडद्यावर असतात, आणि पुढचे पाऊल कुठे पडते आहे हे सांगणारा कोणी नसतो. मी माझ्यापुरता नियम केला आहे की गुडघ्याच्या वर पाणी असेल तर दुभाजक सोडायचा नाही. त्यामुळे माझी दृश्ये इतरांच्या मानाने कमी थरारक असतात आणि त्याबद्दल मला डेस्ककडून दोनदा ऐकून घ्यावे लागले आहे.

दिवसाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. घटनास्थळी पोहोचताच आधी फोनो द्यायचा, म्हणजे फोनवरून अँकरला माहिती सांगायची, मग दृश्ये घेऊन लगेच पाठवायची, मग बाईट, मग दर तासाला लाइव्ह, मधल्या वेळात पॅकेजची, म्हणजे दृश्ये, बाईट आणि निवेदन जोडून केलेल्या बातमीची, स्क्रिप्ट लिहून व्हॉइस ओव्हर, आणि हे सगळे आडव्या चौकटीत झाले की तेच पुन्हा उभ्या चौकटीत, वाहिनीच्या इन्स्टाग्राम आणि यूट्यूबसाठी. लाइव्ह एकट्याने देणे हा स्वतंत्र प्रकार आहे. फोन ट्रायपॉडवर लावून, आपण जिथे उभे राहणार तिथे आधी सॅक ठेवून फोकस पक्का करायचा, मग सॅक बाजूला करून स्वतः त्या जागी उभे राहायचे. कानात स्टुडिओचा आवाज काही सेकंद उशिरा येतो, म्हणून अँकरचा प्रश्न संपला की नाही याचा अंदाज घेत मान हलवत राहायचे. तेवढ्यात एखादा मुलगा फोनसमोर येऊन हात हलवतो. कॅमेरामन असता तर त्याने डोळ्यांनीच त्याला बाजूला केले असते. आता मला बोलता बोलता, चेहऱ्यावरची गंभीरता न मोडता, डाव्या हाताने ते करावे लागते.

गर्दीत नेटवर्क कोलमडते, हे मुंबईत वेगळे सांगायला नको. अनेक सिमकार्डे एकत्र वापरणारे बॅकपॅक यंत्र असेल तर काही तरी मार्ग निघतो, परंतु अशी यंत्रे मोजकी असतात आणि ती मोठ्या नावाच्या रिपोर्टरकडे जातात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगाव चौपाटीवर घेतलेली चार मिनिटांची दृश्ये पाठवण्यासाठी मी चर्नी रोड स्थानकाकडे उलट चालत गेले आहे. मला जायला आणि यायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात चौपाटीवर जे घडले ते मी पाहिलेले नाही. दोघे असतो तर एक पाठवायला गेला असता आणि दुसरा तिथेच थांबला असता. प्रश्न इतका साधा आहे.

याहूनही साधा एक प्रश्न आहे आणि त्याबद्दल लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. स्वच्छतागृहात जायचे असेल तर हा सगळा संसार कोणाकडे ठेवायचा? मुंबईत स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहे पुरेशी, स्वच्छ आणि मोफत असावीत म्हणून २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ चालली आहे, आणि तिच्या बातम्या मी स्वतः केल्या आहेत. परंतु स्वच्छतागृह सापडले तरी ओल्या फरशीवर ट्रायपॉड, सॅक आणि बूम घेऊन आत कसे शिरायचे, हे त्या बातमीत कधी आले नाही. आझाद मैदानावर आंदोलन असते तेव्हा मी बंदोबस्ताच्या महिला पोलिसांना विनंती करते; त्या नेहमी हो म्हणतात. इतर ठिकाणी आम्ही बायका दुपारपर्यंत पाणीच पीत नाही.

सुरक्षेचा विषय निघाला की कायद्याचा उल्लेख होतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली प्रसारमाध्यमातील व्यक्तींवरील हिंसाचाराला आळा घालणारा कायदा मंजूर केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. कायदा असणे चांगलेच आहे. परंतु कॅमेरामन सोबत असताना कोणी अंगावर आले तर निदान एक कॅमेरा चालू राहत असे आणि एक साक्षीदार असे. एकट्या रिपोर्टरच्या हातातला फोन हिसकावला की कॅमेरा, माईक, पुरावा आणि मदतीला हाक मारण्याचे साधन हे सारे एकाच झटक्यात जाते. माझा फोन दोनदा हिसकावला गेला आहे. दोन्ही वेळा काही मिनिटांनी परत मिळाला आणि दोन्ही वेळा त्यातली दृश्ये पुसलेली होती.

हे केवळ आपल्याकडचे आहे असेही नाही. अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांमध्ये बातमी गोळा करणे, चित्रित करणे, कापणे आणि सादर करणे हे एकाच माणसाने करण्याची पद्धत आपल्यापेक्षा बरीच जुनी आहे. न्यू यॉर्क शहरापुरत्या बातम्या देणारी 'एनवाय वन' ही वाहिनी १९९२ साली सुरू झाली तीच मुळी स्वतःचा छोटा कॅमेरा स्वतः चालवणाऱ्या वार्ताहरांच्या बळावर. जानेवारी २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या एका स्थानिक वाहिनीची तरुण वार्ताहर रात्री रस्त्याच्या कडेला एकटीच उभी राहून जलवाहिनी फुटल्याची बातमी थेट देत असताना मागून आलेल्या मोटारीने तिला धडक दिली. ती पडली, उठली, कॅमेरा स्वतःच सावरला आणि बातमी पूर्ण केली. ती चित्रफीत जगभर फिरली आणि आमच्याही व्हॉट्सअ‍ॅप गटात आली, खाली टाळ्यांच्या चिन्हांची रांग होती. मला त्या टाळ्या खटकल्या. तिची जिद्द मोठी होतीच, परंतु रस्त्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला मागून येणारी मोटार दिसू शकत नाही, हे सांगायला जिद्द लागत नाही, दुसरा माणूस लागतो.

वाहिन्यांना नुसता दोष देऊन मी मोकळी होणार नाही. जाहिरातींचे उत्पन्न मूठभर मोठ्या वाहिन्यांकडे जाते आणि लहान वाहिनीला एका रिपोर्टरमागे गाडी, ड्रायव्हर आणि कॅमेरामन पोसणे खरोखर परवडत नाही, हे मी वाहिनीच्या बैठकीत ऐकले आहे आणि ते खोटे वाटले नाही. टाळेबंदीने या प्रक्रियेला वेग दिला. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत १७१ पत्रकारांची कोरोना चाचणी झाली आणि त्यांपैकी ५३ जण बाधित निघाले. रिपोर्टर, कॅमेरामन, छायाचित्रकार असे सगळेच त्यांत होते. त्यानंतर 'एका गाडीत एकच माणूस' हा आरोग्याचा नियम म्हणून आला. गाडी गेली, नियम राहिला.

आणि एकटेपणाचा एक लाभही आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. दहा बाय बाराच्या खोलीत मोठा कॅमेरा, दिवा आणि दोन परके लोक शिरले की ती खोली त्या घरच्यांची राहत नाही. मी एकटी जाते, चटईवर बसते, फोन डब्यांच्या फळीला टेकवून ठेवते. मागे एका बाईंनी नवऱ्याच्या गिरणीतल्या थकलेल्या पैशांबद्दल बोलता बोलता मला तांदूळ निवडायला दिले होते आणि आम्ही दोघी निवडत बोललो. दादा सोबत असते तर ते बोलणे तसे झाले नसते, आणि हे ऐकून दादांनीच आधी मान डोलावली असती. अडचण इतकीच की असा निवांतपणा मला वर्षातून तीन-चार वेळा मिळतो. ज्यांनी ही पद्धत आधी रूढ केली त्यांच्या डोक्यात कदाचित असाच निवांतपणा असावा. दर तासाचा लाइव्ह आणि उभी चौकट तेव्हा नव्हती.

टेकूच्या प्रकरणानंतर मी कामाची रीत बदलली. आता आधी फोन खिशात ठेवून माणसाशी बोलते, त्याच्याकडे पाहून, सगळे प्रश्न विचारून. आणि मग माईक लावून तेच पुन्हा सांगायला लावते. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यांदा सांगताना बोलण्यातली धग कमी होते, परंतु निदान मी ऐकलेले असते. जागा सोडण्यापूर्वी कोपऱ्यात जाऊन पूर्ण बाईट एकदा कानाने ऐकते. प्रत्येकाचा, आणि शेजाऱ्याचाही, फोन नंबर घेते.

मागच्या महिन्यात उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीत मी अशीच बोलत होते. उद्वाहन अकरा महिने बंद होते. नवव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, फोन माझ्या खिशात असताना, सोसायटीच्या देखभालीचे पैसे कुठे गेले हे नावानिशी सांगितले. मी दुसरा प्रश्न विचारला, तिसराही विचारला. त्यांनी दोन्हींची उत्तरे दिली. मग मी म्हटले, "काका, हेच जरा कॅमेऱ्यासमोर सांगाल का?" त्यांनी शर्टाचे वरचे बटण लावले, मी माईक अडकवला, पट्टी हिरवी होती, फोकस पक्का होता. ते म्हणाले, "लिफ्ट बंद असल्याने ज्येष्ठ नागरिकांची फार गैरसोय होते, तरी प्रशासनाने लक्ष द्यावे." मी थांबून राहिले. त्यांनी फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि स्वतःच्या हाताने माईक काढून माझ्या हातात दिला.

खाली उतरताना, सहाव्या मजल्याच्या आसपास, डेस्कचा निरोप आला: बाईट आहे का? पायऱ्यांवर ट्रायपॉड टेकवून मी लिहिले की बाईट आहे, पण बातमी त्यात नाही. बातमी माझ्या वहीत आहे आणि तिची खातरजमा करायला मला आणखी दोन दिवस लागतील. उत्तर आले की तोवर जो बाईट आहे तो पाठवून द्या, आणि शक्य असेल तर उभ्या चौकटीतही.